एकोणीस मुलांचा अपराध कोणता?

२०२४ च्या फेब्रुवारीत, २ ते ४ ह्या तारखांना, अमळनेर येथे ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. साने गुरुजींच्या कर्मभूमीत मराठी सारस्वतांचा मेळा जमला ह्याचा साऱ्या खानदेशास आनंद झाला, आणि तो रास्तच होता. प्रत्येक संमेलनात मराठीच्या भवितव्याची चिंता वाहिली जाते, तशी ती तेथेही वाहिली गेली. मांडव उतरला, पाहुणे परतले, आणि संमेलनाच्या समारोपानंतर बरोबर चाळीस दिवसांनी, म्हणजे १५ मार्च २०२४ रोजी, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. त्याचे नाव रुक्ष आहे : संचमान्यतेचे सुधारित निकष. कोणत्या शाळेस किती शिक्षक मंजूर करावयाचे, ह्याचा हिशेब त्यात आहे. संमेलनातील भाषणांची जेवढी चर्चा झाली, तिच्या शतांशानेही आपल्या सुशिक्षित समाजात ह्या निर्णयाची झाली नाही. वस्तुतः मराठीच्या भवितव्याचा प्रश्न व्यासपीठावरील भाषणांपेक्षा ह्या रुक्ष कागदावर अधिक अवलंबून आहे, असे आमचे मत आहे.

शिक्षक संघटनांनी ह्या निर्णयातील ज्या तरतुदीवर बोट ठेवले ती अशी : सहावी ते आठवी ह्या गटाचा पट विसापेक्षा कमी असेल, तर त्या गटासाठी शिक्षकाचे एकही पद मंजूर होणार नाही. एकही नाही! पटावर वीस मुले असली तर तेथे शिक्षकाचा विचार व्हावयाचा. एखादे मूल आजोळी राहावयास गेले आणि पट एकोणीसवर आला, की उरलेल्या एकोणीस मुलांसाठी सरकारजवळ माणूस नाही. ह्या एकोणीस मुलांनी असा कोणता अपराध केला आहे? त्यांचे गाव लहान आहे, पाडा दूर आहे, शेजारच्या काही घरांनी आपली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली आहेत. ह्यापैकी एकही गोष्ट त्या मुलांच्या हातची नाही.

५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील शिक्षकांनी शाळा बंद ठेवून आंदोलन केले, तेव्हा शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रश्नाबरोबर संचमान्यतेचा हा प्रश्नही त्यांच्या मागण्यांत होता. शिक्षकांच्या सर्वच मागण्यांशी आम्ही सहमत आहोत असे नाही. परंतु ही एक मागणी शिक्षकांची म्हणून बाजूस सारता येणार नाही, कारण ती मुळात मुलांची आहे. मुलांना मोर्चा काढता येत नाही, एवढाच फरक.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा संसदेने २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिले आहे : दर वर्गास निदान एक शिक्षक, आणि त्यांतही विज्ञान-गणितास एक, सामाजिक शास्त्रांस एक, भाषांस एक असे शिक्षक असलेच पाहिजेत. दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हा नियम त्याच्या नंतर येतो. पट शंभरावर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण ह्यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे कायद्याने आधी विषय मोजले आणि मग मुले मोजली. आपल्या शासन निर्णयाने आधी मुले मोजली, आणि विषय मोजावयाचे राहूनच गेले. ३५ हा आकडा शिक्षकावर फार भार पडू नये म्हणून घातलेली वरची मर्यादा होती. थोड्या मुलांना शिक्षक नाकारण्यासाठी तो दिलेला नव्हता. 

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात एक चांगला शिक्षक सर्व काही शिकवू शकतो. किंबहुना त्या वयात एकाच माणसाचा लळा असणे हिताचेच असते. सहावीपासून मात्र विद्येच्या वाटा फुटू लागतात. अंकगणितातून बीजगणित निघते, गोष्टीतून इतिहास निघतो, सृष्टीच्या नवलाईतून विज्ञान निघते. हिंदी आणि इंग्रजी ह्या भाषांना व्याकरणाचे बळ येथेच मिळावयाचे असते. येथे ज्याला जो विषय येतो त्यानेच तो शिकवावा लागतो. न येणाऱ्याने शिकवला तर काय होते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षक होतो. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. एका वर्षी गणिताच्या शिक्षकांची बदली झाली, जागा भरली गेली नाही, आणि सातवीचे गणित आमच्याकडे आले. आम्ही रात्री पुस्तक वाचून सकाळी शिकवत असू. उदाहरणे सोडवून दाखवीत असू. ती तशीच का सोडवावयाची हे मात्र सांगता येत नसे. सारी मुले उत्तीर्ण झाली. पुढे त्यांतील काही जण माध्यमिक शाळेत गणितात अडखळले आणि शाळा सोडून बसले, असे कानांवर आले. त्यांतला एक मुलगा आमच्या वर्गातला फार हुशार मुलगा होता. त्या मुलाची आठवण आजही आम्हांस अपराध्यासारखी वाटते. ज्या शाळांतून आज विषयशिक्षकाचे पदच नाही, त्या शाळांतील शिक्षकांच्या मनाला हा सल किती जागी लागत असेल, ह्याची गणती कोणत्याही संचमान्यतेत होत नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. पट घटतो आहे हे खरे आहे. जन्मदर उतरला आहे, इंग्रजी शाळांचे वेड खेड्यांपर्यंत पोहोचले आहे, आणि लोकांच्या करांतून उभा राहणारा पैसा जपून खर्च करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पाच-सात मुलांच्या वर्गात खेळ रंगत नाही, चढाओढ राहत नाही, हा आक्षेपही अगदीच खोटा नाही. म्हणून २०२३ साली शिक्षण खात्याने समूह शाळांची कल्पना पुढे मांडली. लहान शाळा एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा करावयाची. त्यासाठी जी दोन उदाहरणे देण्यात आली त्यांतील एक पुणे जिल्ह्यातील पानशेतचे, आणि दुसरे आपल्या जुन्या खानदेशातील, सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळचे.

तोरणमाळचे उदाहरण आम्हांस मान्य आहे. परंतु ते संपूर्ण घ्यावे, अर्धे घेऊ नये. तेथे पाड्यापाड्यांवरील मुलांसाठी जी शाळा उभी राहिली ती निवासी आहे. मुलांच्या राहण्याची आणि जेवणाची सोय तेथे शाळेबरोबरच झाली. उद्या शिरपूर वा चोपडे तालुक्यातील एखाद्या पाड्याची सातवी बंद झाली, तर त्या मुलांसाठी वसतिगृह असेल काय? निदान गाडी असेल काय? राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत असावी. नकाशावर तीन किलोमीटर ही लहान रेघ आहे. आषाढात मधला नाला भरून आला, किंवा वैशाखात खानदेशचे ऊन भाजू लागले, म्हणजे ती रेघ केवढी लांब होते, हे ज्या मुलीला दप्तर घेऊन चालावे लागते तिलाच ठाऊक. मुलगा एक वेळ चालत जाईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलीस आईबाप त्या वाटेने एकटी धाडणार नाहीत. ती घरी बसेल, धाकट्या भावंडांना सांभाळील, कापूस वेचावयास जाईल, आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतील. मुलींना पाचवीपासून एस. टी.चा प्रवास मोफत देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे हे आम्ही जाणतो. परंतु पास मिळाला तरी पाड्यावर एस. टी. आली पाहिजे, आणि शाळेच्या वेळेला आली पाहिजे!

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी अशी मागणी केली होती, की प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे. बारा वर्षांचे मूल म्हणजे सहावी-सातवीतले मूल. जोतीरावांनी जेथपर्यंत नेऊन सोडावे म्हटले, नेमक्या त्याच पायरीवर आज आपण शिक्षक काढून घेत आहोत.

शिक्षकांच्या संख्येचा विचार करताना आणखी एका गोष्टीचे विस्मरण होते, आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गरीब मुलाला शाळेत टिकवून धरण्यासाठी सरकारने अनेक योजना केल्या आहेत. दुपारचे जेवण आहे, गणवेश आहे, मोफत पुस्तके आहेत, शिष्यवृत्ती आहे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ह्या सर्व योजना मुंबईत जन्म घेतात. परंतु मुलाच्या हातात त्या पडतात त्या शेवटी एकाच माणसाच्या हातून, आणि तो माणूस म्हणजे शिक्षक. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेस लिपिक नसतो, शिपाई नसतो. तांदळाचे पोते उतरवून घेणे, आहाराचा हिशेब ठेवणे, गणवेशाची मापे पाठवणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, त्यासाठी जातीचा दाखला आणि बँकेचे खाते मिळवून देणे, आणि हे सारे पुन्हा संगणकावर चढवणे, ही सगळी कामे तोच करतो. ज्या आईबापांना अर्ज वाचता येत नाही त्यांच्यासाठी शिक्षक हाच सरकार असतो. शिक्षकाचे पद गेले म्हणजे गणिताचा तास तर जातोच. त्याबरोबर शिष्यवृत्तीचा अर्ज जातो, दाखला जातो, आणि 'पोर आज का आले नाही' हे विचारावयास दाराशी येणारे माणूसही जाते. 

मुलांना द्यावयाच्या साहाय्याविषयी आपण किती गंभीर आहोत, ह्याचे एक उदाहरण पुरे. मागास समाजांतील गरीब मुलींची पहिली ते चौथीतील हजेरी वाढावी म्हणून १९९२ साली रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्यानंतर तीन दशके लोटली, सारे जग महागले, आमदारांचे वेतन वाढले, शिक्षकांचे वाढले, आमच्या ह्या पत्राची किंमतही वाढली. त्या मुलीचा रुपया मात्र तीन दशके रुपयाच राहिला. ज्या मुलीला चौथीपर्यंत आपण रोजचा एक रुपया दिला, तिला सहावीत गेल्यावर शिक्षकही द्यावयाचा नाही, असा हा क्रम आहे.

आता पटसंख्या मोजण्याच्या रीतीविषयी. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. चाळीसगाव आणि साक्री तालुक्यांतील ऊसतोडणी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांतील बरीच आखाजीच्या आसपास परततात. त्यांची मुले सप्टेंबरात पटावर असतात, डिसेंबरात फडावर. त्यांना गावात ठेवून घ्यावयाचे तर हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हावे लागते. ते वेळेवर सुरू व्हावयाचे तर शाळेत पुरेसे शिक्षक लागतात. शिवाय गेल्या काही वर्षांत आधार क्रमांक जुळलेली मुलेच ह्या हिशेबात धरली जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी कित्येक घरांत जन्माची नोंदच नसते, नावात एखाद्या काना-मात्रेचा फरक असतो, आणि तेवढ्यावरून समोर बाकावर बसलेले, हजेरीला 'उपस्थित' म्हणणारे मूल सरकारी हिशेबात अनुपस्थित ठरते. असे एक मूल गळले, की विसाचे एकोणीस होतात.

भरतीची कथा ह्याहून निराळी नाही. पवित्र प्रणाली आल्यानंतरची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत शिक्षक निवृत्त होतच होते, मुले सहावीत येतच होती. कायद्याच्या २६ व्या कलमाने कोणत्याही शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. तीन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी हे कलम मोडते! त्यानंतर २०२४ साली, ऐन शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, वीस वा कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका जागी दरमहा १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. पुढे तो गुंडाळावा लागला. असे निर्णय काढावयाचे, बदलावयाचे, मागे घ्यावयाचे, आणि त्या ओढाताणीत मुलांचे एक एक वर्ष निघून जावयाचे! सरकारचे वर्ष पुन्हा येते; सातवीतल्या मुलाचे सातवीचे वर्ष पुन्हा येत नाही.

शिक्षकाची नेमणूक म्हणजे काय, ह्याचे उत्तर खानदेशाने एकदा साऱ्या महाराष्ट्रास दिले आहे. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आला. त्याच्याकडे वसतिगृहही सोपवण्यात आले. त्याने मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक लिहिले, 'विद्यार्थी' मासिक काढले, त्यांच्या दुखण्याखुपण्यात त्यांच्या उशाशी बसला. १९३० साली तो सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेला. उणीपुरी सहा वर्षे. पण तेवढ्यात त्याला 'गुरुजी' ही पदवी मिळाली. त्याने वर्गात जे केले तेवढेच वसतिगृहात केले, आणि ह्यातले कोणतेही काम कोणत्याही संचमान्यतेत बसले नसते. प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे असे आम्ही म्हणत नाही. तशी अपेक्षा करणे म्हणजे सरकारची जबाबदारी संतांवर ढकलणे होईल. आमचे म्हणणे एवढेच, की मुलाच्या उशाशी बसावयाचे तर माणूस तेथे असावा लागतो.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि करता येण्याजोग्या आहेत. सहावी ते आठवीचा वर्ग जेथे चालू आहे तेथे पट कितीही असो, निदान दोन शिक्षक असलेच पाहिजेत, त्यांतील एक विज्ञान-गणिताचा. तिसरा विषयशिक्षक केंद्रातील जवळच्या दोन-तीन शाळांना ठरलेल्या वारी मिळावा. कायद्याचा पूर्ण आदर ह्यानेही होत नाही. परंतु शून्यापेक्षा ही वाट पुष्कळ बरी. पटाची मोजणी बाकावर बसलेल्या मुलांची व्हावी. आधार जुळवण्याचे काम प्रशासनाने करावे, त्याची शिक्षा मुलास होऊ नये. कोणतीही शाळा दुसरीत विलीन करावयाची तर गाडी वा वसतिगृह प्रथम सुरू व्हावे, आणि मगच पहिल्या शाळेस कुलूप लागावे. प्रत्येक केंद्रात योजनांच्या कागदपत्रांसाठी एक लिपिक द्यावा. एका लिपिकाने दहा शाळांतील शिक्षकांचे हात मोकळे होतील. जनगणना, निवडणुका आणि आपत्ती ह्यांसाठी शिक्षकांना जुंपण्याची मुभा कायद्याने दिली आहे. त्यापलीकडची बिगारी बंद व्हावी. आणि जळगाव व धुळे ह्या दोन्ही जिल्हा परिषदांनी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी कोणत्या शाळेत कोणत्या विषयाची जागा रिकामी आहे ह्याची यादी प्रसिद्ध करावी. आमच्या स्तंभांत ती यादी विनामूल्य छापण्यास आम्ही तयार आहोत.

शेवटी चार शब्द आमच्या वाचकांसाठी, आणि त्यांत आम्ही स्वतःस वगळत नाही. जळगाव आणि धुळे शहरांतल्या आपल्यापैकी अनेकांचे आजोबा मराठी शाळेच्या सातवीत 'फायनल' झाले होते. त्या एका परीक्षेच्या जोरावर कोणी शिक्षक झाला, कोणी तलाठी, कोणी कारकून. त्या पायरीवर उभे राहून आपल्या घराण्याने शहर गाठले, मुलांना महाविद्यालयांत घातले, आणि मग आपण आपल्या मुलांना त्या शाळांतून काढून घेतले. तो आपला अधिकार होता, त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपली मुले तेथून बाहेर पडली तसा त्या शाळांविषयी बोलणारा आवाजही बाहेर पडला. आपल्या मुलांच्या शाळेत गणिताचा शिक्षक पंधरा दिवस आला नाही तर आपण मुख्याध्यापकांच्या दालनात जाऊन उभे राहतो. त्या पाड्यावरची सातवी वर्षभर गणितावाचून राहिली तरी आपणांस ते कळतही नाही. ज्या शिडीने आपण चढलो तिची एक पायरी आज काढली जात आहे, आणि ती मधली पायरी आहे. खालून पाहणाऱ्यास शिडी पूर्वीसारखीच उभी दिसेल. तिच्यावरून कोणी वर येत नाही, हे आपल्या ध्यानात येईपर्यंत एक पिढी गेलेली असेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. अहिराणी, पावरी किंवा भिल्ली बोलत घरातून निघणारे आणि शाळेत येऊन मराठी लिहावयास शिकणारे ते एकोणीसावे मूल त्या अभिजात भाषेचे खरे वारस आहे. त्याच्यासाठी एक शिक्षक आपण सरकारजवळ मागणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. जून जवळ येण्याची वाट न पाहता तो आजच विचारला पाहिजे, आपल्या आमदारांना, जिल्हा परिषदेला आणि सरकारला. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे.